शंभरांतली पाच

घायपाताची झाडं आपल्या ओळखीची आहेत. रेल्वेच्या रुळांलगत, माळरानावर, गुरांनी शेतात शिरू नये म्हणून बांधावर लावलेली. टोकाला काटा असलेली जाड पानं, त्यांतून काढलेला वाख आणि त्या वाखाचे दोर, एवढाच आपला त्यांच्याशी व्यवहार. वर्षानुवर्षं ही झाडं नुसती पसरत राहतात. मग एखाद्या हंगामात मधोमध दोन-तीन पुरुष उंचीचा दांडा उभा राहतो, त्याला फुलं येतात आणि फुलून झाल्यावर झाड वाळून जातं. आयुष्यात एकदाच फुलणारं हे अगावे कुळ मूळचं अमेरिका खंडातलं. मेक्सिकोत त्याच्या जितक्या जाती आहेत, तितक्या दुसऱ्या कुठल्याही देशात नाहीत.

यंदाच्या सुट्टीत मेक्सिकोच्या ओआहाका राज्यात गेले ती मेस्कल कशी गाळतात हे पाहायचं ठरवूनच. मेस्कल म्हणजे अगावेची दारू. टकिला ही त्याच घराण्यातली, पण ती फक्त निळ्या अगावेपासून आणि मुख्यतः हालिस्को राज्यात होते. मेस्कलला अगावेच्या अनेक जाती चालतात, आणि तिचा मोठा हिस्सा ओआहाकातून येतो. शहरातून मित्लाच्या रस्त्याला लागलं की आधी तूले गाव लागतं. तिथे चर्चच्या आवारात जगातल्या सर्वांत जाड बुंध्यांपैकी एक असलेला प्रचंड वृक्ष उभा आहे. पुढे त्लाकोलुला, तिथला रविवारचा बाजार, आणि मग सांतियागो मातात्लान. या गावाच्या वेशीवरच्या कमानीवर ‘मेस्कलची जागतिक राजधानी’ असं लिहिलेलं आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोंगरापर्यंत निळसर-हिरव्या टोकदार पानांच्या ओळी दिसतात.

मेस्कलच्या भट्टीला तिथे पालेंके म्हणतात. आम्ही गेलो ती एका कुटुंबाची होती. पत्र्याचं छप्पर, तीन बाजूंनी उघडी जागा, मागे घर, पुढे अंगणात चरणारा घोडा. दारूचा कारखाना पाहायला आलोय असं वाटेना. गाळणाऱ्या माणसाला सगळे ‘मायेस्त्रो’ म्हणत होते. आपण गवयाला किंवा तबलजीला उस्ताद म्हणतो, तोच आदर त्या हाकेत होता. हा उस्ताद थर्मामीटर वापरत नव्हता. वास, चव, हाताला लागणारी ऊब आणि कान यांवर त्याचं सगळं काम चाललं होतं.

पानं छाटली की अगावेचा गाभा उरतो. मोठ्या अननसासारखा दिसतो म्हणून त्याला पिन्या म्हणतात. एकेका गाभ्याचं वजन सहज चाळीस-पन्नास किलो भरतं. त्यात साखर असते, पण ती लांब साखळ्यांत बांधलेली, किण्वाला (यीस्टला) न पचणारी. ती सुटी व्हायला उष्णता लागते. त्यासाठी जमिनीत शंकूच्या आकाराचा खड्डा खणलेला असतो. तळाशी ओकची लाकडं पेटवायची, त्यांवर नदीतले गोटे रचायचे, ते लालबुंद झाले की वर ओला चोथा आणि मग गाभे. सगळं चटयांनी आणि मातीने झाकून टाकायचं. तीन-चार दिवसांनी खड्डा उघडतो तेव्हा पांढरा गाभा तपकिरी, मऊ आणि गोड झालेला असतो. उस्तादाने एक तुकडा तोडून हातावर ठेवला. धुरकट काकवीची चव, आणि चावून झाल्यावर तोंडात चिवट धागे उरले. तो वाखच होता. मेस्कलला धुराचा जो गंध येतो तो या खड्ड्यातून. टकिलासाठी गाभे वाफेवर शिजवतात, म्हणून तिला तो नसतो.

पुढची पायरी घोड्याची. गोल फरशीच्या मधोमध खुंटा, त्याला जोडलेलं दगडी चाक, घोडा गोल फिरतो आणि चाकाखाली गाभे चिरडले जातात. रस आणि चोथा दोन्ही लाकडी पिंपांत जातात, पाणी मिसळलं जातं आणि मग काही घालायचं नसतं. हवेतलं, लाकडातलं, त्या छपराखालचं किण्व आपणहून कामाला लागतं. ऊन तापलं असेल तर लवकर, गारठा असेल तर उशिरा. उस्ताद पिंपाला कान लावून आतली खदखद ऐकत होता. आवाज मंदावला की गाळायची वेळ झाली.

मातात्लानमध्ये तांब्याच्या भांड्यांत गाळतात. दक्षिणेकडच्या सांता कातारिना मिनास या गावात अजून मातीची मडकी वापरतात. चुलीवर एक मडकं, त्यावर बूड नसलेलं दुसरं, सर्वांत वर गार पाण्याने भरलेलं तांब्याचं पात्र. वाफ वर जाते, गार तळाला लागून थेंब होते, मधल्या पळीवर पडते आणि वेळूच्या नळीतून बाहेर येते. गोव्यात काजूची फेणी पूर्वी मातीच्या भाणात गाळत, ते मला तिथे आठवत राहिलं. दोनदा गाळल्यावर उस्ताद वेळूच्या पोकळ नळीने थोडी दारू ओढून घेतो आणि भोपळ्याच्या कवचासारख्या वाटीत सोडतो. वर बुडबुड्यांची माळ उठते. बुडबुडे टिकून राहिले तर कडकपणा बरोबर, पटकन फुटले तर जास्त किंवा कमी. सुरुवातीचा जहाल भाग आणि शेवटचा पातळ भाग चवीनुसार मिसळून तो जोर हवा तिथे आणतो. ती वाटी त्याने माझ्यापुढे केली. घोट नाही, ओठ टेकवायचे, असं त्याने खुणेनेच सांगितलं. आधी धूर, मग ओली माती, मग सालीसकट भाजलेल्या फळासारखा गोडवा. शिजवण्याच्या आणि गाळण्याच्या प्रत्येक पायरीची खूण त्या एका चवीत सापडत होती.

पण या सगळ्या कारागिरीपेक्षा जास्त वेळ एका गोष्टीने खाल्ला होता, आणि ती शेतातच होऊन गेली होती. एस्पादीन ही सर्वांत जास्त लावली जाणारी जात. तिला तयार व्हायला सहा ते आठ वर्षं लागतात. तोबाला या लहानखुऱ्या डोंगरी जातीला दहा-बारा. कड्याकपारीत वाढणाऱ्या तेपेस्तातेला वीस-पंचवीस. एक लिटर मेस्कलला साधारण दहा किलो गाभा लागतो, रानटी जातींना त्याहून जास्त. म्हणजे तेपेस्तातेची बाटली पुढ्यात येते तेव्हा लेकरू मोठं होऊन नोकरीला लागेल इतका काळ आपण एका बैठकीत संपवत असतो.

आणि काळाबरोबर आपण तिचं फुलणंही घेतलेलं असतं. अगावे वर्षानुवर्षं साखर साठवते ती त्या एका फुलोऱ्यासाठी. दांडा वर येऊ लागला की ती सगळी साखर त्यात जाते. म्हणून दांडा दिसताक्षणी छाटतात, झाड काही महिने तसंच ठेवतात आणि साखर गाभ्यातच राहिली की मग तोडतात. मेस्कलची प्रत्येक बाटली अशी न फुललेल्या झाडाची असते. यात क्रूर काही नाही. शेतकरी ऊसही तुरा येण्याआधी तोडतो. पण ऊस दर वर्षी उभा करता येतो, आणि फूल न आल्याने अगावेचं काय होतं हे मला त्या शेतात उभं राहीपर्यंत नीट कळलं नव्हतं.

एस्पादीनच्या मुळाशी पिल्लं फुटतात. ती काढून लावली की नवं शेत उभं राहतं. सोपं आहे, पण ही सगळी पिल्लं आईची हुबेहूब नक्कल असतात. एकीला लागलेला रोग सगळ्यांना लागतो. हालिस्कोत निळ्या अगावेची शेतं पिढ्यान् पिढ्या अशीच पिल्लांवर वाढवली गेली. १९९० च्या दशकाच्या शेवटी रोग पसरला तेव्हा झाडं मोठ्या प्रमाणावर गेली, आणि टकिलाच्या धंद्याला अगावेची टंचाई सोसावी लागली. तोबालाची गोष्ट याहून नाजूक. तिला पिल्लं फुटत नाहीत, ती बियांवरच चालते. फूल नाही तर बी नाही, बी नाही तर पुढचं झाड नाही.

या फुलांकडे रात्री वटवाघळं येतात. लांब नाकाची ही छोटी वटवाघळं मेक्सिकोतून थेट अमेरिकेच्या ॲरिझोनापर्यंत, वाटेतल्या निवडुंगांच्या आणि अगावेच्या फुलांतला मध पीत प्रवास करतात आणि परागकण पुढे नेतात. त्यांतल्या एका जातीला अमेरिकेने १९८८ मध्ये धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत टाकलं, तेव्हा ती हजाराच्या आतच उरली असावीत असा अंदाज होता. पुढे दोन्ही देशांनी त्यांच्या गुहा राखल्या, संख्या दोन लाखांवर गेली आणि २०१८ मध्ये ती यादीतून बाहेर आली. या कामात ज्यांचं आयुष्य गेलं त्या रॉद्रिगो मेदेयिन या मेक्सिकन शास्त्रज्ञाने टकिला आणि मेस्कल करणाऱ्यांपुढे एक साधी अट ठेवली: आपल्या अगावेतल्या शंभरांतल्या पाच फुलू द्या. जे देतात त्यांच्या बाटलीवर वटवाघळांशी मैत्री सांगणारी खूण लागते.

मला ही अट फार मोलाची वाटते, कारण ती कुणालाही धंदा बंद करायला सांगत नाही. पंच्याण्णव तुमची. पाच वटवाघळांची, पुढच्या बियांची, आणि पर्यायाने तुमच्याच नातवंडांची. पण छोट्या कुटुंबाला त्या पाचही जड जातात, कारण गेल्या काही वर्षांत बाजार धावत सुटला. प्रमाणित मेस्कलचं उत्पादन २०११ मध्ये दहा लाख लिटरच्या आसपास होतं. २०२२ मध्ये ते सव्वा कोटीच्याही पुढे गेलं. मागणी अकरा वर्षांत दसपटीहून वाढली, तेपेस्तातेला मात्र पूर्वीइतकीच वर्षं लागतात. मधल्या तुटीपायी कोवळी झाडं तोडली जातात, डोंगरावरची रानटी अगावे खणून नेली जाते, जंगल साफ करून एस्पादीनच्या ओळी लावल्या जातात, आणि खड्ड्यांसाठी लाकूड लागतं ते वेगळंच.

कायद्याने काही गोष्टी चांगल्या केल्या. १९९४ मध्ये मेस्कलच्या नावाला भौगोलिक संरक्षण मिळालं. २०१६ च्या नियमांनी तिचे तीन वर्ग केले. साध्या मेस्कलला यंत्रं चालतात, कारागिरी मेस्कलला मुख्यतः जुनी साधनं, आणि पूर्वापार पद्धतीच्या मेस्कलला मातीचंच भांडं लागतं. त्यामुळे विकत घेणाऱ्याला निदान विचारता येतं. पण प्रमाणपत्राचा खर्च अनेक छोट्या भट्ट्यांना झेपत नाही, आणि पिढ्यान् पिढ्या मेस्कल गाळणारी माणसं आपल्या बाटलीवर ‘अगावेची दारू’ एवढंच लिहून विकतात. संरक्षण मिळालं ते नावाला. ज्या हातांनी ते नाव मोठं केलं, त्यांतले काही हात त्याच्या बाहेर राहिले.

त्या पालेंकेत बसून मला सारखा आपला मोह आठवत होता. मेळघाटात, नंदुरबारला, गडचिरोलीत चैत्राच्या सुमाराला पहाटे फुलं आपणहून खाली पडतात, बाया-मुलं ती टोपल्यांत वेचतात, आणि झाड पुढच्या वर्षी पुन्हा फुलायला उभं असतं. मोहाच्या फुलांवरही रात्री वटवाघळंच येतात. झाडाला न मारता, त्याच्या पडलेल्या फुलांची दारू गाळणारी ही परंपरा मेस्कलइतकीच जुनी आणि कसबाची, किंबहुना झाडाशी जास्त प्रेमाने वागणारी. मेस्कलवर स्पॅनिश राजवटीने वेळोवेळी बंदी घातली, मोहफुलं वेचण्या-साठवण्यावर इंग्रजांनी मुंबई इलाख्यात १८९२ मध्ये कायदा केला. मेक्सिकोने आपली बंदीची दारू आज देशाचा मान केली. आपण मोहाकडे अजून चोरट्या नजरेने पाहतो. दारूने घरं उद्ध्वस्त होतात हे मी विसरत नाही, आणि ज्या गावांतल्या बायकांनी दारूबंदीसाठी लढा दिला त्यांच्या बाजूने मी नेहमीच राहीन. पण व्यसनाशी लढणं आणि एखाद्या समाजाच्या कसबाला गुन्हा ठरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओआहाकात गाळणाऱ्याला उस्ताद म्हणतात, आणि तो कमीत कमी कशी पितात हे पाहुण्याला शिकवतो. आदर मिळाला की माणूस मर्यादाही शिकवतो, हे मी तिथे पाहिलं.

म्हणून कुणी ओआहाकाला गेलं, किंवा इथल्या दुकानात मेस्कलची बाटली हातात घेतली, तर कडकपणा आणि किंमत पाहण्याआधी तीन गोष्टी वाचाव्यात: अगावेची जात, गाव, आणि गाळणाऱ्याचं नाव. जिथे हे तिन्ही लिहिलेलं असतं तिथे कुणीतरी उत्तर द्यायला तयार असतं. मग त्याला विचारावं, यंदा किती झाडं फुलू दिलीत? हा प्रश्न पुरेशा लोकांनी विचारला तर पाच झाडं राखणं हा शेतकऱ्याला तोटा वाटणार नाही, कारण त्याची किंमत आपण देऊ. मेस्कल महाग असते. त्या महागाईत पाच फुलांचा वाटा असेल, तर ती किंमत मला योग्यच वाटते.