कॉलेजातली दादागिरी : न्यूनगंड की डोक्यात गेलेली हवा?

बारावी झाली की तालुक्यातली पोरं शिकायला पुणे, कोल्हापूर, संभाजीनगरला जातात. तिथं काहींची गाठ पडते सीनियरच्या दादागिरीशी. असं वागणाऱ्याबद्दल दोन मतं ऐकू येतात. कोणी म्हणतं, आतून न्यूनगंड आहे. कोणी म्हणतं, घरच्यांनी डोक्यावर बसवलंय.

अमेरिकेत बुशमन आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. त्यांच्या निबंधांवर मुद्दाम वाईट शेरे मारले. मग शेरा मारणाऱ्याला कर्कश आवाज ऐकवायची संधी दिली. ज्यांना स्वतःचंच फार कौतुक होतं, त्यांनी अपमानानंतर सगळ्यात जास्त सूड उगवला. नुसता स्वाभिमान कमी की जास्त, यानं फरक पडला नाही.

पण २००५ च्या डोनेलन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात स्वाभिमान कमी असलेल्यांमध्येही मारामारी, बेशिस्त जास्त दिसली. म्हणजे दोन्ही मतांत तथ्य आहे.

‘मी कुणापेक्षा कमी नाही’ हा स्वाभिमान. ‘माझ्यासमोर सगळे कमी’ ही डोक्यात गेलेली हवा. नेदरलँड्समधल्या २०१५ च्या अभ्यासात याचं मूळ घरात सापडलं. ‘आमचं पोर सगळ्यांपेक्षा भारी’ असं मानणाऱ्या आईबापांच्या मुलांत आत्मप्रौढी वाढली. माया मिळालेल्या मुलांत मात्र स्वाभिमान वाढला. माया करावी, पण चुकलं तर चुकलं म्हणावं, एवढाच याचा अर्थ.

कारण काहीही असो, त्रास सोसणाऱ्यानं गप्प बसायचं कारण नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगबंदी कायदा आहे. गुन्हा सिद्ध झाला तर २ वर्षांपर्यंत कैद, १० हजारांपर्यंत दंड आणि ५ वर्षं कुठल्याही कॉलेजात प्रवेश नाही. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखानं ७ दिवसांत चौकशी करायची असते. टाळाटाळ केली तर तोही कायद्याच्या कचाट्यात येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाची हेल्पलाइनही आहे : १८००-१८०-५५२२.

पोराला होस्टेलवर सोडताना हा नंबर त्याच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून द्यावा. आणि आपलंच पोर दुसऱ्याला छळत असल्याचं कानावर आलं, तर ‘पोरं मस्ती करतातच’ म्हणून सोडून देऊ नये. केस झाली तर शिक्षणाची वाट त्याचीच बंद होते.