काळविटाचें मुंडकें आणि कुणब्याचें शेत

हरणाचें मुंडकें भिंतीवर टांगण्याच्या लायकीचें केव्हां ठरतें, असें कोणी एखाद्या कुणब्यास विचारलें, तर तो विचारणाराच्या तोंडाकडे पाहात राहील. त्याच्या लेखीं हरीण म्हणजे कोंवळ्या हरभऱ्यांत रात्रीं शिरणारा कळप, नाहीं तर वैशाखांत पाण्याच्या शोधांत विहिरींत पडलेलें मुकें जनावर. परंतु याच प्रश्नावर साहेबलोकांनीं व त्यांच्या पंक्तीस बसणाऱ्या संस्थानिकांनीं एक मोठें शास्त्र उभें केलें, आणि तें शास्त्र अजून मेलेलें नाहीं. म्हणून आमच्या वाचकांनीं तें एकदां समजून घ्यावें.

प्रथम नांवाचा घोळ काढूं. आपण सर्वांस सरसकट हरीण म्हणतों. चितळ व सांबर यांचीं शिंगें भरीव हाडाचीं, फांद्या असलेलीं, आणि ठराविक काळानें गळून पुन्हां येणारीं. आमच्या येवले तालुक्यांतील राजापूर-ममदापूरच्या माळावरचा काळवीट त्या कुळांतला नव्हे. त्याच्या शिंगांत आंत हाड व वर नखाच्या जातीचें टरफल. तें जन्मभर गळत नाहीं, त्याला फांदी फुटत नाहीं, मळसूत्रासारखें पिळत तें वर जातें. मादीस बहुधा शिंगें नसतात. नरहि लहानपणीं मादीसारखाच पिंगट; तिसऱ्या वर्षाच्या सुमारास तो काळा पडूं लागतो, व पोट आणि डोळ्यांभोंवतालचें कडें तेवढें पांढरें राहतें. (शाळेंत मुलांना हरीण काढावयास सांगितलें कीं तीं डोक्यावर झाडाच्या फांद्या काढतात. खरा काळवीट माळावर चरतो, पण चित्र पुस्तकांतलेंच खरें मानण्याची खोड आम्हीं शिक्षकांनींच लावली आहे.)

आतां शिकाऱ्याची नजर पाहा. त्याला मांस गौण. त्याला हवा कळपांतला सर्वांत काळा, सर्वांत लांब शिंगांचा नर. शिंगाची बुडापासून शेंड्यापर्यंत लांबी. ती कोणी सरळ रेषेंत मोजतो, कोणी पिळाच्या कडेनें. मग बुडाचा घेर, दोन शेंड्यांमधील अंतर, पीळ किती व दोन्ही शिंगें सारखीं कीं नाहीं. शेंडा झिजलेला वा मोडलेला असला कीं किंमत उतरली. लंडनमध्यें पिकॅडिली रस्त्यावर रोलंड वॉर्ड नांवाचा कातडीं भरून जनावरें उभीं करणारा कारागीर होता. त्यानें १८९२ सालीं जगांतील मोठ्या शिकारींच्या मापांचें पुस्तकच काढलें. कोणीं, कोठें, किती इंचांचें जनावर मारलें, याची ती खतावणी. दक्षिणेंतल्या काळविटाचीं शिंगें बहुधा वीस इंचांच्या आसपास थांबतात, पंजाब-राजपुतान्याकडचीं त्याहून लांब वाढतात, म्हणून शिकारी तिकडे धांवत. गोळी तोंडावर वा मानेवर लागूं नये, कारण पुढें तेंच कातडें खांद्यापासून सोलून, मीठ चोळून, सांच्यावर चढवावयाचें असे. डोळे काचेचे. म्हैसूरच्या व्हॅन इंजेन यांच्या कारखान्यांत हें काम पिढ्यान् पिढ्या चाललें व १९९९ सालीं तो बंद झाला. हात कसबी होते, हें कबूल केलेंच पाहिजे. पण त्या कसबानें मेलेल्या जनावराच्या चेहऱ्यावर जो रुबाब आणला, तो मारणाराच्या खातीं जमा झाला.

या निवडीवर कोणताहि शेतकरी हंसेल. आमच्या इगतपुरीकडे डांगी गुरें आहेत. त्यांत उत्तम गोऱ्हा निघाला तर मालक त्याला वळू म्हणून राखतो आणि मरतुकडें विकतो. शिकारी नेमकें उलट करतो: वळू मारतो व मरतुकडें राखतो. काळविटांत तर नर आपापला तुकडा धरून बसतात, तो झुंजून राखतात, आणि माद्या त्यांच्याकडे येतात. अर्थात् ज्याचीं शिंगें भिंतीवर जावयाचीं, तोच बहुतेक पुढल्या पिढीचा बाप. हा कांहीं आमचा तर्क नाहीं. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतांत रॅम माउंटन नांवाच्या डोंगरावर रानमेंढ्यांची सुमारें ३० वर्षें पाहणी झाली. मोठ्या शिंगांचे एडके निवडून मारल्यामुळें कळपांतील एडक्यांचें वजन घटत गेलें व शिंगें आंखूड होत गेलीं, असा तिचा निष्कर्ष २००३ सालीं प्रसिद्ध झाला. इंचांच्या पुजाऱ्यांनीं शेवटीं इंचच खाल्ले!

पण आमचा मुख्य मुद्दा निराळा आहे. हा मान मिळविण्याची मुभा कोणास होती? १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें हिंदी माणसास परवान्यावांचून बंदूक बाळगण्याची बंदी झाली; गोऱ्यास ती अट नव्हती. रान सरकारचें झालें, गायरानहि गेलें, आणि जंगलखात्यानें कुणब्याची चराई कशी बंद पाडली, याविषयीं जोतीराव फुले यांनीं १८८३ मध्येंच ‘शेतकऱ्याचा असूड’ ओढला. ज्याचें पीक जनावर खाई, त्याच्या हातीं काठी. जो मजेसाठीं येई, त्याच्या हातीं रायफल. आणि पारधी? तो फास लावून काळवीट धरी. पाळलेल्या नराच्या शिंगांना फास बांधून त्याला रानांतल्या नराशीं झुंजवी, गायीच्या आड लपून कळपाजवळ जाई. जनावर ओळखण्यांत त्याच्या पासंगास कोणता साहेब लागला असता? त्याला इंच नको होते, पोराबाळांना कालवण हवें होतें. पण साहेबाचें नांव लंडनच्या पुस्तकांत गेलें, आणि पारध्याचें नांव गुन्हेगार जमातींच्या यादींत. ती यादी १९५२ सालीं रद्द झाली. डोक्यावरचा शिक्का मात्र गांवोगांव अजून पुसलेला नाहीं. फास आज बेकायदा आहे व तो तसाच असावा. आम्हीं इतकेंच म्हणतों कीं, एकाच जनावराच्या दोन मरणांपैकीं एकास खेळ आणि दुसऱ्यास चोरी हीं नांवें कोणीं दिलीं, हें विसरूं नये.

येथें कोणी आम्हांस विचारील कीं, शाहू छत्रपतींचें काय? प्रश्न रास्त आहे, व आम्हीं तो टाळणार नाहीं. महाराजांना शिकारीचा षोक होता. कोल्हापूर दरबारीं शिकविलेल्या चित्त्यांकडून काळवीट धरण्याचा खेळ चाले, आणि तेथील नव्या राजवाड्यांत भरलेलीं जनावरें आजहि पाहावयास मिळतात. परंतु महाराजांस आम्हीं मानतों तें १९०२ सालीं नोकऱ्यांत राखलेल्या निम्म्या जागांसाठीं आणि वसतिगृहांसाठीं. नाशकांत उदाजी मराठा वसतिगृहाची कोनशिला त्यांनीं १९२० सालीं बसविली. त्या छपराखालीं खेड्यांतलीं किती पोरें शिकलीं! थोर पुरुषाचें घेण्याजोगें तें घ्यावें. आमच्यांतील कांहीं नवे बंगलेवाले मात्र वसतिगृह सोडून मुंडकेंच उचलतात. ऊंस-द्राक्षांचा पैसा झाला कीं दिवाणखान्यांत सोफ्यावर शिंगें हवींत. खरीं न मिळालीं तर प्लास्टिकचीं. ज्यांचे आजे संस्थानिकाच्या शिकारींत हाकाऱ्याचें काम करून पायांत कांटे भरून घेत, त्यांच्या नातवांना त्याच भिंतीची नक्कल करावीशी वाटावी, यास काय म्हणावें?

कायद्याची गोष्ट थोडक्यांत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत काळवीट आहे. त्यास मारणारास तीन ते सात वर्षें कैद होऊं शकते. जुनीं मुंडकीं ज्यांच्याजवळ होतीं, त्यांना २००३ सालीं तीं सरकारास जाहीर करण्याची शेवटची संधि दिली गेली. दाखला असला तरी विकतां येत नाहींत. अमेरिकेंत मात्र आमचा हा काळवीट टेक्सास प्रांतीं १९३२ सालीं नेऊन सोडला, आणि तेथील खाजगी कुरणांवर आजहि पैसे भरून तो मारतात व भरून घेतात. पाकिस्तानांत तो नाहींसा झाला, तेव्हां बीज तेथूनच परत आणावें लागलें.

आपल्याकडे तो राहिला, तो कोणामुळें? सरकारनें २०१४ सालीं ममदापूरचें सुमारें ५४ चौरस किलोमीटर क्षेत्र राखीव केलें, हें चांगलेंच झालें. पण काळवीट फलक वाचून चरत नाहीं. तो मक्यांत जातो, हरभऱ्यांत जातो, आणि ज्याच्या शेतांत जातो तो दुष्काळी तालुक्यांतला दोन-चार एकरांचा धनी असतो. नुकसानभरपाईची तरतूद आहे. पण एका रात्रींत गेलेल्या कोंबांचा पंचनामा होईपर्यंत रान दुसऱ्यांदा नांगरावें लागतें. तरीहि या गांवांनीं त्याच्यावर कुऱ्हाड उचललेली नाहीं. याचें माप कोणत्या पुस्तकांत इंचांनीं लिहिलें आहे?

तेव्हां शिंगें लटकविण्याची हौस असलेल्या आमच्या धनिक बांधवांस एक सुचवितों. ममदापूर भागांत बिनकठड्याच्या विहिरी आहेत. चैत्र-वैशाखांत पाणी तळास गेलें कीं काळविटें त्यांत पडतात, कुत्र्यांच्या तावडीत सांपडतात, रस्त्यावर मोटारीखालीं येतात. एका विहिरीचा कठडा बांधावयास व एक पाणवठा उन्हाळाभर टँकरनें भरावयास लागणारा पैसा त्यांच्या दिवाणखान्याच्या एका भिंतीच्या सजावटीहून कमीच भरेल. होळी होण्यापूर्वीं हें काम व्हावयास हवें. कठड्यावर देणगीदाराचें नांव कोरण्यास गांवकऱ्यांची हरकत असणार नाहीं.

— एक खेडूत शिक्षक