सात दिवसांचे दूध कोणाचे?

काही वर्षांपूर्वी उत्तर गुजरातमधील एका गावच्या दूध संकलन केंद्रावर मी पहाटे थांबलो होतो. दोन गायी पाळणारी एक महिला दूध घालून परत निघाली होती. एका गायीच्या कासेचा एक भाग सुजून घट्ट झाला होता आणि सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडली होती. "बेन, औषध चालू असताना त्याच गायीचे दूध घालता?" मी विचारले. ती शांतपणे म्हणाली, "साहेब, तेवढ्या दिवसांचे पैसे सरकार देणार का?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

हा रोग म्हणजे कासदाह. आपल्याकडचे शेतकरी त्याला दगडी म्हणतात. सूज, ताप, दुधात गाठी हे त्याचे दिसणारे रूप. त्याहून व्यापक आहे ते सुप्त रूप. त्यात दूध पाहता चांगले असते, पण उत्पादन घटते आणि जंतू एका गायीकडून दुसरीकडे जात राहतात. ते पसरतात मुख्यतः धार काढणाऱ्याच्या हातांतून आणि कास पुसण्याच्या एकाच फडक्यातून.

आता नियम पाहू. औषधविषयक नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली. जनावरांच्या औषधाच्या वेष्टणावर दूध किती दिवस वापरू नये हे छापणे बंधनकारक झाले. तसा कालावधी ठरलेला नसल्यास दुधासाठी किमान ७ दिवस धरावेत असे ठरले. हेतू उत्तम आहे. प्रतिजैविकाचा अंश दूध तापवूनही पूर्णपणे जात नाही, आणि औषधांना न जुमानणारे जंतू वाढणे हा सर्वांच्याच आरोग्याचा प्रश्न आहे.

परंतु हिशेब मांडून पाहा. गाय दिवसाला ८ लिटर देते आणि लिटरला ४० रुपये मिळतात असे धरले, तर ७ दिवसांचे २,२४० रुपये होतात. लाभ साऱ्या समाजाचा आणि भुर्दंड मात्र त्या एका घराचा. खर्च कोणी सोसायचा हे न सांगणारा नियम कागदावरच राहतो, असा माझा प्रशासनातील अनुभव आहे.

प्रतिबंध त्या मानाने स्वस्त आहे. हात व कास स्वच्छ धुऊन कोरडी करणे, अंगठा मुडपून न पिळता मुठीने धार काढणे, धारेनंतर सड आयोडीनच्या द्रावणात बुडविणे, सडाचे तोंड मिटेपर्यंत गाय बसू नये म्हणून तिच्यापुढे वैरण टाकणे, आजारी गायीची धार शेवटी काढणे. मग हे का होत नाही? कारण दुधाचा भाव ठरतो तो प्रामुख्याने फॅट आणि एसएनएफवर. निरोगी कासेला वेगळा भाव नाही. युरोपीय संघात कच्च्या गायीच्या दुधातील पेशींची मर्यादा मिलिलिटरला ४ लाख आहे, म्हणून तेथे गोठ्यातील शिस्तीला किंमत येते.

आपल्या योजनांचाही कल मोजता येण्याजोग्या कामाकडे असतो. लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस यांच्यासाठी केंद्राने २०१९ साली १३,३४३ कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केला, तो योग्यच होता. तेथे लस आहे, किती टोचली ते मोजता येते. कासदाहाला तशी निर्णायक लस नाही. धुतलेले हात कोणत्या तक्त्यात भरायचे?

माझी सूचना साधी आहे. दूधसंघाने महिन्यातून एकदा प्रत्येक सभासदाच्या दुधाची कॅलिफोर्निया चाचणी करावी. दुधात द्रावण मिसळताच ते घट्ट झाले की गोठ्यात जाऊन सडनिहाय तपासणी करता येते. राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाने काही दूधसंघांबरोबर याच दिशेने काम केले आहे. त्याला दोन गोष्टींची जोड द्यावी. चाचणीत सातत्याने चांगल्या ठरणाऱ्या दुधाला थोडा जास्त भाव द्यावा आणि उपचारकाळातील दूध संघाने विकत घेऊन नष्ट करावे.

यात गैरफायदा घेतला जाईल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून भरपाई एका वेतात एकदाच, पशुवैद्यकाच्या नोंदीवर आणि कानातील १२ अंकी बिल्ल्याच्या आधारेच द्यावी. चाचणी टाळणाऱ्यास ती मिळू नये. खर्च संघ, राज्य आणि केंद्र यांनी वाटून घ्यावा.

त्या बेनने विचारलेला प्रश्न हा कायदा मोडण्याची सबब नव्हता. तो आपल्या नियमातील न लिहिलेल्या कलमाविषयी होता. ते कलम लिहिण्याची जबाबदारी आपली आहे.