नातिचरामि म्हणजे काय रे भाऊ?

गेल्या डिसेंबरात आमच्या ताईचं लग्न झालं. आता मी पडलो कॉन्व्हेंटवाला. संस्कृतशी दहावीपर्यंत संबंध आला नाही (आम्ही फ्रेंच घेतलं, मार्क्स मिळतात म्हणून!) आणि मराठी निबंधात कायम काठावर पास. त्यामुळे लग्नविधींवर मी लिहिणं म्हणजे... असो. पण एक गोष्ट तेव्हापासून डोक्यात घोळतेय, ती सांगतोच.

मुहूर्त 12 वाजून 17 मिनिटांचा. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. अंतरपाट धरलेला, ताईच्या पाठीशी मामा उभा, आत्या माइकवर ठेवणीतल्या आवाजात मंगलाष्टकं म्हणतेय. मागच्या रांगेने टाकलेल्या अक्षता पुढच्या रांगेच्या डोक्यात. शेवटचं ‘सावधान’ झालं, हार पडले, टाळ्या वाजल्या आणि पाच मिनिटांत हॉल रिकामा! सगळी पब्लिक जेवायला. समर्थ रामदास ‘सावधान’ ऐकून बोहल्यावरून पळाले असं सांगतात. आपल्याकडे वऱ्हाडी पळतात, मठ्ठा-जिलबीकडे.

मी मात्र अडकलो होतो. कारण लाजाहोमात नवरीच्या ओंजळीत लाह्या घालायला भाऊ लागतो. (नवरदेवाचा कान पिळायलाही भाऊच लागतो. त्याचे कपडे मिळतात, पण ते वेगळं.) त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा मी एक लग्न ‘पूर्ण’ पाहिलं.

कन्यादानाच्या वेळी गुरुजी भाऊजींना म्हणाले, “म्हणा, नातिचरामि.” भाऊजींनी तीनदा म्हटलं, फोटोग्राफरकडे बघत. नंतर मला हळूच विचारतात, “अरे, मी आत्ता नक्की काय कबूल केलं?” मला तरी कुठे माहीत! शेवटी गुरुजींनाच विचारलं. धर्म, अर्थ आणि काम, ह्या तिन्ही बाबतीत मी हिला डावलून वागणार नाही, असं वचन होतं ते. म्हणजे पैशाचे निर्णयसुद्धा तिला सोडून घ्यायचे नाहीत. केवढी मोठी गोष्ट! आणि आपण ती कशी करतो? सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना खाली स्क्रोल न करता ‘आय अ‍ॅग्री’वर क्लिक करतो ना, अगदी तशी.

मग सप्तपदी. हिंदी सिनेमे बघून मला वाटायचं, अग्नीभोवती सात फेरे म्हणजेच सप्तपदी. आमच्याकडे तांदळाच्या सात राशी मांडल्या होत्या. एकेका राशीवर पाऊल ठेवत पुढे जायचं. ताई म्हणाली, “गुरुजी, प्रत्येक पावलाचा अर्थ सांगाल का?” गुरुजी क्षणभर बघतच राहिले. म्हणाले, “ह्या सीझनला विचारणारी तू पहिलीच गं बाळ.” आणि खुशीत सांगायला लागले. पहिलं पाऊल अन्नासाठी, दुसरं बळासाठी, मग धन, सुख, संतती, सहा ऋतू. आणि सातवं? मैत्रीसाठी. सात पावलं बरोबर चाललो, आता तू माझी सखी! सगळं झाल्यावर शेवटी काय उरतं, तर मैत्री. हे मला कुणी आधी का नाही सांगितलं?

हे ऐकायला आम्ही मोजून अकरा जण होतो. त्यात आई नव्हती. कन्यादानानंतर ती पाहुण्यांना आग्रह करायला गेली होती. परत आली तेव्हा राशी विस्कटलेल्या होत्या. “झालं का?” एवढंच म्हणाली.

आता गंमत बघा. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम 7 सांगतं की, ज्या विधींत सप्तपदी आहे तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण आणि बंधनकारक होतं. 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानेही बजावलं की, लग्न म्हणजे नाचगाण्याचा आणि खाण्यापिण्याचा कार्यक्रम नाही, विधी व्हायलाच हवेत. म्हणजे कायद्याने ताईचं लग्न लागलं तेव्हा आई पंगतीत जिलबी वाढत होती!

आमच्या शाळेतल्या एका टीचरच्या लग्नाला मी वसईच्या चर्चमध्ये गेलो होतो. मिस्सा मराठीतून, प्रत्येकाच्या हातात छापील पुस्तिका. दोघांनी आपापलं वचन स्वतःच्या तोंडाने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. जेवण नंतर! तिथेही पूर्वी लॅटिन असायचं. 1962 ते 1965 च्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकांची भाषा आली. धर्म काही बुडाला नाही.

“झालं, कॉन्व्हेंटवाला बोलला!” असं म्हणू नका. जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक पद्धतीची लग्नं 1873 साली सुरू केली. त्यांच्या मंगलाष्टकांत वधू-वर स्वतःच मराठीत एकमेकांशी बोलतात आणि वधू हक्काची भाषा करते. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीच्या पद्धतीत मंत्रांबरोबर मराठीत अर्थ सांगतात, पौरोहित्य स्त्रियाही करतात. म्हणजे वाट आपलीच आहे, आपण तिच्यावर चालत नाही एवढंच.

आजी म्हणते, मंत्राची ताकद उच्चारात असते. मान्य, आजी! मंत्र राहू देत, तो नाद मलाही आवडतो. फक्त पाठोपाठ अर्थही येऊ दे. कन्यादान मात्र मला खरंच पटत नाही. ताई ही दान द्यायची वस्तू नाही. ती स्वतः कमावते, लग्नाचा अर्धा खर्च तिनेच केलाय. दान काढा, वचन ठेवा. आणि ते एकट्या नवऱ्याकडूनच का? दोघांनीही म्हणावं ना!

मित्रांनो, पाच-सात वर्षांत आपला नंबर आहे. डेकोरेशन, डीजे आणि प्री-वेडिंग शूटची चर्चा आपण तासन्‌तास करतो. वचनं वाचायला अर्धा तासही पुरेल. मी घरी आत्ताच दोन अटी सांगून ठेवल्यात. एक, मला कळेल तेच मी कबूल करणार. दोन, सप्तपदी झाल्याशिवाय पानं वाढायची नाहीत.

आणि पहिल्या रांगेतली पहिली खुर्ची आईची.

– टी. ई. (कॉम्प्युटर)