पॅडॉकसाठी बाईक घेताय? आधी सांगा, चालवणार कोण?

ट्रॅक-डे आणि क्लब रेसिंगचं वेड लागलेली चार टाळकी जमली की एक विषय हमखास निघतो : पॅडॉकमध्ये फिरायला कुठली छोटी बाईक घ्यावी? (ज्यांना ह्या जगाची कल्पना नाही त्यांच्यासाठी : पॅडॉक म्हणजे पिटच्या मागची मोकळी जागा. टेम्पो, तंबू, जनरेटर, टायरवाले, गाड्यांची तपासणी, सगळं तिथेच.) दोन मिनिटांत गाडी होंडा मंकी आणि ग्रोमवर येते आणि तिथेच अडकते.

माझं मत सांगून टाकतो. मोपेड घ्या. हसू नका, कारणं देतो.

आपण सॉफ्टवेअरवाले उठसूट विचारतो तोच प्रश्न इथे विचारू : यूजर कोण? रेसर? अजिबात नाही. रेसर सेशन संपलं की लेदर सूट अर्धा उतरवून पंख्यासमोर बसतो. श्रीपेरुंबुदूरच्या उन्हात दुसरं काही सुचतही नाही. दिवसभर पळतो तो मेकॅनिक, आणि त्याच्या हाताखालचा पोरगा. टायर बदलून आण, तपासणीचा कागद देऊन ये, पेट्रोल संपलं, कुणाकडे अमुक मापाचा पाना आहे का बघ. गाडी त्याच्यासाठी निवडायची आणि आपण मात्र ती आपल्या फोटोसाठी निवडतो. सगळा घोळ इथेच आहे.

मंकी वाईट आहे असं नाही. 1961 साली टोकियोजवळच्या 'तामा टेक' ह्या होंडाच्या पार्कमध्ये पोरांना खेळायला म्हणून तिचा जन्म झाला. 1967 च्या मॉडेलचं हँडल तर घडी व्हायचं, गाडी कारच्या डिकीत बसावी म्हणून. म्हणजे तिची रिक्वायरमेंट ठरलेली होती आणि ती तिने चोख पूर्ण केली. पण तुमची रिक्वायरमेंट ती आहे का?

तर यूजर ठरला. आता त्याला काय लागतं ते बघू.

एक, ओझं. टायर आणि जेरीकॅन घेऊन गाडी चालवायची आहे. पाय ठेवायला सपाट, मोकळी जागा असेल तर कॅन तिथे उभा राहतो. छोट्या बाईकवर तोच कॅन टाकी आणि पोट यांच्यामध्ये कोंबावा लागतो.

दोन, वजन. रविवारी संध्याकाळी थकलेली दोन माणसं ती उचलून टेम्पोत चढवणार आहेत. पुण्याहून बरेच जण छोटा हत्ती घेऊन जातात. त्यात रेसची बाईक, स्टँड, टायर, हत्यारं हे सगळं गेल्यावर उरलेल्या जागेत ही बसली पाहिजे. शंभर किलोच्या वर जाऊ नका.

तीन, क्लच नको. तेलकट हातांनी, एका खांद्यावर टायर अडकवून गिअर बदलायची वेळ कुणावर येऊ नये.

चार, कागदपत्रं. ही गोष्ट सगळे विसरतात. पॅडॉकच्या आत कोणी विचारत नाही, पण कधीतरी गेटबाहेर जावंच लागतं, आणि चेन्नईच्या ट्रॅकबाहेर थेट बंगळुरू हायवे आहे. रजिस्ट्रेशन नसलेली, विम्याचा पत्ता नसलेली 'पिट बाईक' देऊन एखाद्या पोराला हायवेवर पाठवणं हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे. काही झालं तर निस्तरणार तो, आपण नाही.

ह्या चारही कसोट्यांवर टीव्हीएस एक्सएल 100 सहज उतरते. 99.7 सीसी, वजन 90 किलोच्या आसपास, गिअर नाही, मागची सीट काढली की सामानाला जागा, आणि पार्ट कुठल्याही गावात मिळतात. विजेवरची हवी असेल तर ई-लूना आहे. पुण्याच्या कायनेटिकने 1972 साली लूना आणली होती. त्याच घरातून 2024 मध्ये ही आली. वजन शंभराच्या आत, 150 किलोचं ओझं नेते असं कंपनी सांगते. ताशी 25 किमीच्या आतल्या छोट्या इलेक्ट्रिक स्कूटर्सना रजिस्ट्रेशन लागत नाही, त्या पॅडॉकपुरत्या चालतील, पण त्यांना हायवे दाखवू नका. थोडी तरी स्टाईल हवीच असेल तर सेकंडहँड होंडा नवी शोधा. ॲक्टिव्हाचं इंजिन, गिअर नाही. आणि कोइम्बतूरच्या करी स्पीडवेसारख्या दोन किलोमीटरच्या आटोपशीर ट्रॅकवर एकटेच जाणार असाल तर साधी सायकलही पुरते. खरंच.

विजेच्या गाडीचा एक धोका मात्र आहे : ती ऐकू येत नाही. पॅडॉकमध्ये जनरेटरची घरघर चालू असते, अर्ध्या लोकांच्या कानात बोळे असतात, मध्येच कुणाची तरी लहान मुलं पळत असतात. हॉर्न वाजवा आणि चालण्याच्या वेगाने जा. 

गमतीच्या बाईकला माझा मुख्य आक्षेपही हाच आहे. छोटी, हलकी, चार गिअरची बाईक हातात आली की पुढचं चाक उचलावंसं वाटतं. ट्रॅकवर आपण हेल्मेट, लेदर, पाठीचं गार्ड, सगळं चढवून जातो. तिथे समोरून कोणी येत नाही, वळणावर झेंडा घेऊन मार्शल उभा असतो. पॅडॉकमध्ये आपण बर्म्युडा आणि स्लिपरवर असतो आणि समोरून माणसं चालत येत असतात. तिथे मनगट मोडलं तर वीकेंड संपला. दुसऱ्याचं मोडलं तर त्याहून वाईट.

मोपेडवर असला मोह होत नाही. तिच्यावर बसून कोणी हिरो दिसत नाही, आणि मला विचाराल तर हेच तिचं सगळ्यात मोठं सेफ्टी फीचर आहे :)

तेव्हा शोरूममध्ये जाताना तुमच्या मेकॅनिकला सोबत न्या. त्याला वर बसवा, मागे एक टायर बांधा आणि विचारा, जमतंय का? तो हो म्हणाला की पैसे द्या. आणि त्याच पैशांत त्याच्या मापाचं एक चांगलं हेल्मेटही घ्या.