पानावरचा आग्रह आणि पानावरची नजर

आपल्या घरांतून माया मोजण्याचें एक जुनें माप आहे, आणि तें म्हणजे पानांत पडलेलें अन्न. पाहुणा 'पुरे' म्हणाल्यावर जी जिलबी वाढली जाते तीच यजमानाची खरी जिलबी. आणि मुलगा एका पोळीवर उठला कीं आईच्या घशाखालीं घांस उतरत नाहीं. ह्या मापाला हंसण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्या पिढ्यांनीं महागाई, रेशनिंग आणि एका पगारावर चालणारीं बारा-पंधरा माणसांचीं घरें पाहिलीं, त्यांच्या लेखीं भरलेलें पान हेंच सौभाग्य होतें. परंतु अलीकडे पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत अशी एखादी व्यक्ति पंक्तीला बसूं लागली आहे कीं, जिच्यापुढें हें माप चालत नाहीं. वजन उतरविण्यासाठीं जिनें जठरावर शस्त्रक्रिया करून घेतली आहे अशी ती व्यक्ति होय. शस्त्रक्रिया रुग्णालयांत कांहीं तासांत आटोपते. तिचें यश मात्र पुढें आयुष्यभर घरच्या पानावर पुष्कळसें अवलंबून असतें. म्हणून ह्या पानाविषयीं, आणि त्याहून अधिक त्याच्या भोंवतीं बसणाऱ्या आपणां सर्वांविषयीं, ह्या महिन्यांत चार शब्द लिहीत आहों.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. ह्या शस्त्रक्रियेंत पोटावरची चरबी कापून काढतात असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाहीं. बदलतें तें जठर. 'स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी' ह्या आज फार प्रचारांत असलेल्या प्रकारांत जठराचा सुमारें ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी मागें उरते. 'गॅस्ट्रिक बायपास' ह्या दुसऱ्या प्रकारांत जठराच्या वरच्या टोंकाशीं सुमारें ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी करून ती लहान आंतड्याला पुढच्या भागांत जोडतात. ह्या बायपासची सुरुवात अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत एडवर्ड मेसन ह्या शल्यविशारदांनीं १९६६ सालीं केली. फरक केवळ जागेचाच पडतो असेंहि नाहीं. जठराच्या वरच्या भागांत 'घ्रेलिन' नांवाचें भूक चेतविणारें द्रव्य तयार होतें. स्लीव्हमध्यें तो भागच निघून जातो. उलट, 'आतां पुरे' असा निरोप मेंदूला पोहोंचविणारीं आंतड्यांतील द्रव्यें वाढतात. म्हणून अशी व्यक्ति चार घांसांवर "मला भूक नाहीं" म्हणते तेव्हां तें नखरा म्हणून नव्हे, संकोच म्हणूनहि नव्हे, तर अक्षरशः खरें असतें.

ह्यावर पहिला आक्षेप येतो तो असा: "ही पळवाट झाली. जिभेला लगाम घातला असता तर पोटाला कात्री कशाला लागली असती?" असें म्हणणारीं माणसें दुष्ट नसतात, शरीराचा स्वभाव त्यांना ठाऊक नसतो, इतकेंच. वजन एकदां फार वाढलें कीं शरीर त्या वजनालाच धरून राहूं पाहतें. कमी खाऊन तें उतरविलें तर भूक वाढते, आणि शरीर आपल्या रोजच्या खर्चालाहि हात आंखडता घेतें. त्यामुळें कष्टानें घालविलेलें वजन बहुधा परत येतें. वैद्यकशास्त्रानें हा मार्ग लहरीखातर मान्य केलेला नाहीं. वजनाच्या किलोंना उंचीच्या मीटरांच्या वर्गानें भागून जो निर्देशांक काढतात, तो ४० वा अधिक असल्यास, अथवा ३५ च्या वर असून सोबत मधुमेहासारखा गंभीर विकार असल्यास, शस्त्रक्रियेचा विचार करावा असें अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनें भरविलेल्या परिषदेनें १९९१ सालीं ठरविलें. २०२२ सालीं ह्या विषयांतील अमेरिकन व आंतरराष्ट्रीय शल्यविशारदांच्या संघटनांनीं ती मर्यादा सरसकट ३५ वर आणली. आणि आशियाई लोकांना तुलनेनें कमी वजनावरच मधुमेह जडतो हें ध्यानीं घेऊन त्यांच्यासाठीं २७.५ हा आंकडा सांगितला. स्वीडनमध्यें १९८७ सालीं सुरू झालेल्या चार हजारांवर लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष २००७ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत शस्त्रक्रिया झालेल्यांमध्यें मृत्यूचें प्रमाण इतरांपेक्षां कमी आढळलें. ज्या मार्गानें आयुष्य वाढतें तो सोपा असता तरी आम्हीं त्याला नांवें ठेविलीं नसतीं. आणि तो सोपा तर मुळींच नाहीं.

तो किती अवघड आहे हें जेवणाच्या वेळीं कळतें. पहिले कांहीं आठवडे केवळ पातळ पदार्थ, मग गाळलेले व घोटलेले, मग मऊ, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनीं नेहमींचें अन्न, असा क्रम असतो. पुढें आयुष्यभर लहान घांस, पुष्कळ चावणें आणि सावकाश जेवणें हा नेम पाळावा लागतो. जेवतांना पाणी पिऊं नये, आणि जेवणानंतर सुमारें अर्धा तास थांबावें असें सांगतात. आपोशनाच्या पळीभर पाण्याचा प्रश्न नाहीं; पण घांसागणिक तांब्या तोंडाला लावण्याची संवय सोडावी लागते. दिवसांतून साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनें पोटांत जावीं लागतात, आणि आपल्या शाकाहारी घरांतील खरी अडचण येथें आहे. आपला स्वयंपाक भात आणि पोळी ह्यांच्या भोंवतीं फिरतो; वरण, उसळ आणि दही तोंडीं लावण्यापुरतें येतें. इवल्याशा जठरांत भात आधीं गेला तर प्रथिनांना जागाच उरत नाहीं. शिवाय मऊ पोळी व चिकट भात हे पदार्थ कित्येकांना घशाखालीं अडकल्यासारखे होतात. म्हणून अशा पानाचा क्रम उलटा असतो: आधीं घट्ट वरण, मुगाचें धिरडें, पनीर वा दही, मग भाजी, आणि जागा राहिलीच तर भात. सासूबाईंना हें पान अर्धवट वाढल्यासारखें दिसतें. वस्तुतः तें हिशेबानें वाढलेलें असतें.

गोडाची कथा निराळीच. बायपास झालेल्या कित्येकांना गोड पदार्थ आंतड्यांत एकदम उतरल्यामुळें थोड्याच वेळांत छाती धडधडणें, घाम फुटणें, मळमळणें, जुलाब होणें असा त्रास होतो. अशा व्यक्तीला "सणाचा दिवस आहे, नाहीं म्हणूं नये" असें सांगून पुरणपोळी वाढणें म्हणजे तिला सणाच्या दिवशीं अंथरुणावर निजविणें होय. उपासाचेंहि तेंच. साबुदाणा, बटाटे आणि वरीचे तांदूळ ह्यांत प्रथिनें थोडीं. त्यामुळें चातुर्मासांतील लागोपाठच्या उपासांविषयीं आधीं आपल्या डॉक्टरांना व आहारतज्ज्ञांना विचारावें. देवाला दूध-ताकावरचा उपास चालतो, हें आपल्या वडीलधाऱ्यांनीं आजाऱ्यांच्या बाबतींत नेहमींच मान्य केलें आहे.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. अशा व्यक्तीवर आपण एकाच वेळीं दोन विरुद्ध आरोप करतों. एखाद्या घरांतील सुनेचें उदाहरण घ्या. तिनें अर्धी वाटी उसळ व दोन चमचे भाजी घेतली कीं आत्याबाई म्हणतात, "अगं, चिमणी तरी ह्याहून अधिक खाते! एवढ्यासाठीं का तें ऑपरेशन केलेंस?" आणि त्याच सुनेनें चार दिवसांनीं चमचाभर श्रीखंड घेतलें कीं त्याच आत्याबाई जाऊबाईंकडे पाहून म्हणतात, "बघा, जीभ कांहीं सुटत नाहीं. एवढा खर्च करून शेवटीं काय?" न खाल्ल्यास हट्टी, खाल्ल्यास हावरी. ज्या न्यायालयांत दोन्हीं पक्षीं शिक्षाच ठरलेली आहे तेथें आरोपीनें उभें तरी कां राहावें? म्हणून ती उभी राहत नाहीं. पंक्तीला बसावयाचेंच टाळते.

आणि ह्यांतच खरा धोका आहे. चारचौघांत जेवणें नकोसें झालें कीं माणूस दारामागें, ओट्याशीं उभ्यानें, घाईघाईनें खाऊं लागतें; आणि घाईनें खाल्लेला घांस तर त्याला नेमका सोसत नाहीं. उलटी होते, ती लपवावी लागते. दिवसभर चिवडा-बिस्किटांवर थोडेंथोडें चरण्याची संवय लागते, आणि ह्या शस्त्रक्रियेला फसविणारी संवय हीच. वजन थोडें परत आलें कीं तपासणीला जाण्याची लाज वाटूं लागते. अशा रीतीनें आपल्या एका वाक्यानें त्या व्यक्तीची तीन ठिकाणची वाट बंद होते: पंक्तीची, स्वयंपाकघराची आणि दवाखान्याची.

ह्या निवाड्यांत पुरुषाला व स्त्रीला एकच कायदा लागू होतो असेंहि नाहीं. घरच्या कर्त्या पुरुषानें शस्त्रक्रिया केली तर "डॉक्टरांनीं सांगितलें, मधुमेह होता" असें सांगितलें जातें. मुलीनें केली तर लग्नासाठीं, आणि सुनेनें केली तर मिरविण्यासाठीं, असें गृहीत धरलें जातें. जणूं मधुमेह, झोंपेंत श्वास कोंडणें आणि गुडघ्यांच्या वेदना हीं फक्त पुरुषांचीं दुखणीं आहेत! सुनेच्या बाबतींत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. वजन झपाट्यानें उतरत असतां पोषण अपुरें राहण्याचा संभव असल्यामुळें शस्त्रक्रियेनंतर साधारण १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी असा डॉक्टरांचा सल्ला असतो. तेवढ्या काळांत "आतां गोड बातमी केव्हां?" ह्या प्रश्नाला घरांतील ज्येष्ठ स्त्रियांनींच परस्पर उत्तर द्यावें. त्यांनीं दिलेलें उत्तर शेजारणी ऐकतात. सुनेचें ऐकत नाहींत.

तर मग घरच्यांनीं डोळे मिटून बसावें काय? मुळींच नाहीं. नजर ठेवणें आणि लक्ष ठेवणें ह्यांत अंतर आहे. किती पोळ्या खाल्ल्या हें मोजणें ही नजर. लोह, कॅल्शियम आणि ब-१२, ड ह्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या संपण्यापूर्वीं आणून ठेवणें हें लक्ष. ह्या गोळ्या महिन्या-दोन महिन्यांच्या नसून जन्माच्या असतात, हें घरांतील सर्वांस ठाऊक असावें. उलट्या दिवसेंदिवस थांबत नसतील तर "अपचन झालें असेल" म्हणून ओवा देत बसूं नये. ब-१ जीवनसत्त्व कमी पडून मज्जातंतूंना व मेंदूला इजा होऊं शकते, म्हणून तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यांच्या सुमारास केस गळूं लागतात. ते बहुधा पुन्हां येतात, हें सांगून धीर द्यावा. बायपासनंतर मद्य रक्तांत लवकर व अधिक चढतें, हें तरुण मंडळींनीं विसरूं नये. आणि पूर्वीं बोलकी असलेली व्यक्ति गप्प होऊं लागली तर जवळ बसून तिला बोलतें करावें. तें जेवणाविषयीं मात्र नसावें.

वजनाच्या कांट्याविषयींहि एक शब्द. वर सांगितलेल्या स्वीडनच्या पाहणींत बायपास झालेल्यांचें वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलें. दहा वर्षांनीं पाहतां ही घट २५ टक्क्यांवर टिकलेली होती. म्हणजे मधल्या काळांत थोडें वजन परत येणें हा ठरलेला क्रम आहे, गुन्हा नव्हे. लग्नकार्यांत भेटल्याबरोबर "पुन्हां भरलीस कीं गं!" म्हणणाऱ्या मावशीबाईंना हे दोन आंकडे सांगून ठेवण्यासारखे आहेत. "किती छान दिसतेस, आधीं ओळखूंच येत नव्हतीस" ही स्तुतीहि आम्हांस फारशी बरी वाटत नाहीं. कारण तिच्या पोटांत जुन्या देहाचा अपमान दडलेला असतो, आणि तो देहहि तिचाच होता.

आतां करावें काय, तें थोडक्यांत सांगतों. अशा व्यक्तीसाठीं लहान ताटली व लहान वाटी असावी, आणि वाढून घेण्याचें काम तिच्याच हातीं असावें. अन्न टाकूं नये हा आपला संस्कार मोलाचा आहे. तो पाळण्याचा उपाय थोडें वाढणें हा आहे, पोटांत ढकलणें हा नव्हे. आधीं उठावें लागलें तर पंक्तीचा अवमान झाला असें मानूं नये. उलट सर्वांचें होईपर्यंत तिनें गप्पांना बसावें असा आग्रह करावा, कारण तो एकच आग्रह तिला पचणारा आहे. शस्त्रक्रियेची हकीकत कोणाला सांगावी आणि कोणाला नाहीं, हें तिचें तिनें ठरवावें. घरच्यांनीं ती हळदीकुंकवाला परस्पर वांटूं नये. आणि घरांतील वृद्धांना हें सारें समजावून सांगण्याचें काम तिच्यावर न टाकतां तिच्या नवऱ्यानें, मुलानें अथवा सासऱ्यांनीं करावें. स्वतःच्या पानाची वकिली स्वतःच करावी लागली कीं जेवणाची गोडी जाते.

गौरीगणपति जवळ येत आहेत. ज्या घरीं असें पान मांडलें जाईल तेथें वाढणारीनें उकडीच्या मोदकांचें ताट घेऊन एकदां विचारावें, 'नको' म्हटल्यास हंसून पुढें जावें, आणि 'अर्धा दे' म्हटल्यास अर्धा द्यावा. त्या अर्ध्या मोदकावर कोणीं कांहीं बोलूं नये, इतकीच आमची आमच्या वाचक बंधुभगिनींस विनंती आहे.