खरेदीखात्यातील उमेदवारी आणि आपल्या पेढ्या

'उमेदवार' हा शब्द हल्ली निवडणुकीच्या दिवसांतच कानांवर पडतो. परंतु आपल्या बाजारात या शब्दाचा अर्थ निराळा होता. उमेद बाळगून पेढीवर येणारा, पगाराची अपेक्षा न ठेवता काम शिकणारा, तो उमेदवार. गादीच्या कडेला बसावे, नमुन्यांच्या पुड्या बांधाव्यात, रोजमेळावरून खतावणी करावी, पोत्यात परखी घालून आलेला दाणा तळहातावर घेऊन पाहावा आणि मोठी माणसे भाव कसा बोलतात हे मुकाट्याने ऐकावे, असा तो क्रम असे. इंदूरच्या बाजारात आज साठी ओलांडलेल्या आपल्यापैकी बहुतेकांचे खरे शिक्षण याच शाळेत झाले. प्रस्तुत लेखकाचे पुस्तकी शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. पुढचे सारे धान्याच्या पोत्यांनी शिकविले.

ही रीत आता नव्या वेषात मोठ्या कंपन्यांत आली आहे. कंपनीत प्रत्यक्ष काम करावयाचे, त्याबद्दल वेतन घ्यावयाचे आणि त्याच काळात विद्यापीठाची पदवीही मिळवावयाची, अशी ही पदवीसह उमेदवारी आहे. इंग्लंडमध्ये ती या नावाने २०१५ साली सुरू झाली. तेथे अशा विद्यार्थ्याला शिक्षणशुल्क स्वतः भरावे लागत नाही. आपल्या देशात शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ सालचा आहे. १९७३ साली त्यात अभियंत्यांचा आणि २०१४ साली इतर शाखांच्या पदवीधरांचाही समावेश झाला. २०१९ साली पदवीच्या उमेदवारासाठी दरमहा किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरविण्यात आले आणि तीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनांनी ठराविक प्रमाणात उमेदवार घ्यावेत असे बंधन घातले गेले. पुढे २०२० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने अशी उमेदवारी पदवीच्या अभ्यासक्रमातच गुंफण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. म्हणजे वाणिज्य शाखेच्या मुलामुलींनाही हा मार्ग खुला आहे.

या उमेदवारांपैकी काहींना कंपनीच्या खरेदीखात्यात बसविले जाते. आपल्या समाजातील काही घरांतून मुले-मुली तेथे जाऊ लागल्यापासून दोन प्रकारची बोलणी ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, "पिढ्यान्‌पिढ्या धनी म्हणून वावरलो, आता मुलांनी दुसऱ्याची चाकरी करावी काय?" दुसरा पक्ष म्हणतो, "बरे झाले, खरेदीखात्यात आपला माणूस बसला; आता माल आपलाच जाईल." माझ्या मते हे दोन्ही विचार चुकीचे असून दुसरा तर घातक आहे.

प्रथम, हे काम असते तरी कसे ते पाहू. परिचयातील एका व्यापाऱ्याची नात एका मोठ्या कारखान्याच्या खरेदीखात्यात उमेदवारी करते. तिच्याकडून जे समजले त्यावरून सांगतो. निरनिराळ्या विभागांतून मागणीपत्रे येतात. त्यांवरून तीन-चार पुरवठादारांकडून दरपत्रके मागवावयाची. भाव, कर, वाहतूक, माल पोहोचण्याची मुदत आणि पैसे देण्याची मुदत यांचा तुलनात्मक तक्ता करावयाचा. वरिष्ठांची मंजुरी मिळाली की खरेदीचा आदेश काढावयाचा. माल आल्यावर आदेश, आवक-नोंद आणि बिल हे तीन कागद एकमेकांशी जुळले तरच पैसे सुटतात. ज्याने मागणी केली तो खरेदी करीत नाही, जो खरेदी करतो तो माल उतरवून घेत नाही आणि जो माल उतरवून घेतो तो पैसे देत नाही. दिवसभर हे काम करून सायंकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी पुस्तके उघडावयाची आणि परीक्षाही द्यावयाच्या. वीस वर्षांच्या मुलीला हे सोपे नाही. बरोबरीच्या मैत्रिणी महाविद्यालयाच्या सहलींना जात असताना ती बिलातील सात रुपयांचा फरक शोधीत बसलेली असते.

याला हलकी चाकरी कोण म्हणेल? सात रुपयांचा फरक सापडेपर्यंत दिवा न मालवणारे मुनीम आपण पाहिलेले आहेत. शिवाय आपल्या पेढ्यांत ज्या गोष्टी तोंडी चालतात त्या तेथे लेखी करण्याची सवय लागते. अनेक पेढ्या पुढच्या पिढीत मोडल्या त्या तोट्यामुळे नव्हे, तर कोणी कोणास काय कबूल केले याची नोंद नव्हती म्हणून. आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगितली पाहिजे. आपल्या गाद्यांवर मुलींना कधी जागा नव्हती. हुशार मुलीचे गणित घरच्या हिशेबापलीकडे गेले नाही. जी जागा आपण दिली नाही ती कंपनीने दिली, तर तिला नावे ठेवण्याचा अधिकार आपणांस उरत नाही.

तेथे शास्त्रही शिकवितात. पीटर क्रालजिच यांनी १९८३ साली मांडलेली एक विभागणी या अभ्यासक्रमात हमखास असते. कोणत्या मालाचा नफ्यावर किती परिणाम होतो आणि तो माल न मिळण्याचा धोका किती, या दोन कसोट्यांवर साऱ्या खरेदीचे चार वर्ग करावयाचे. आपल्या भाषेत सांगावयाचे तर सुतळी कोठूनही घ्यावी, परंतु बियाण्याचा सोयाबीन ज्याच्याकडून घ्यावयाचा त्याच्याशी संबंध जोडून ठेवावा. जुन्या व्यापाऱ्यास हे नवे नाही. पण तो ते तक्त्यात मांडू शकत नव्हता, आणि जे मांडता येत नाही ते पुढच्या पिढीला देताही येत नाही.

आता या शिक्षणातील उणिवेकडे वळतो. खरेदीखात्यातील उमेदवार मेजाच्या एकाच बाजूस बसतो. समोरच्या बाजूला काय चालले आहे हे त्याला दिसत नाही. उदाहरण घ्या. एक व्यापारी क्विंटलला ४,५०० रुपये भाव देतो, रोखीने. दुसरा ४,५५० देतो, पैसे साठ दिवसांनी. दरमहा शेकडा एक व्याज धरले तर दोन महिन्यांचे ९१ रुपये होतात, म्हणजे दुसऱ्याच्या हातात प्रत्यक्षात ४,४५९ पडतात. उमेदवाराच्या तक्त्यात हा दुसरा व्यवहार फायद्याचा दिसतो आणि त्याची पाठ थोपटली जाते. परंतु ते ४१ रुपये आले कोठून? ते त्या लहान व्यापाऱ्याच्या भांडवलातून आले. पुढच्या खेपेस तो एक तर भाव चढवून सांगेल, नाही तर ओलाव्यात व कचऱ्यात ते वसूल करील, नाही तर टंचाईच्या दिवसांत त्या कंपनीला आधी माल देणार नाही. या तिन्ही गोष्टी तक्त्यात येत नाहीत.

कायद्याने याचा काहीसा विचार केला आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांना लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांपलीकडे पैशांसाठी थांबवू नये, थांबविल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, असा २००६ सालचा कायदा आहे. परंतु २०२१ साली घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांना त्या नोंदणीत घेतले गेले ते केवळ बँकांच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरते. पैशांच्या मुदतीचे संरक्षण त्यांच्या वाट्याला आले नाही. तेव्हा आपणांसारख्यांची भिस्त बिल मंजूर करणाऱ्याच्या जाणिवेवरच राहिली. ती जाणीव असणारा माणूस त्या खुर्चीत बसावा, यातच आपले खरे हित आहे.

येथे दुसऱ्या पक्षाचे मत तपासले पाहिजे. खुर्चीत जाणता माणूस असावा असे मी म्हणतो. आपला माणूस असावा असे म्हणत नाही. या दोहोंत अंतर आहे. मुलगी खरेदीखात्यात लागल्याची वार्ता पसरताच काका, मामा आणि दूरचे व्याही दरपत्रके घेऊन घरी येतात. दिवाळीला मिठाईबरोबर आणखी काही येते. नातलगाची पेढी पुरवठादारांत असेल तर ते कंपनीला लेखी कळविण्याचा आणि भेटवस्तू न स्वीकारण्याचा नियम मोठ्या कंपन्यांत असतो. आपल्या आग्रहापोटी त्या मुलीने तो मोडला, तर एका आदेशाच्या नफ्यासाठी आपण तिचे नाव कायमचे घालविले असे होईल. उमेदवाराला कायद्याने नोकरीची हमी नसते. मुदत संपल्यावर ठेवावयाचे की नाही हे आधी तसा करार नसल्यास कंपनीच्या मर्जीवर असते. अशा कोवळ्या जागेवर उभ्या असलेल्या मुलीवर आप्तांनी भार टाकणे हा निव्वळ अन्याय होय. आपला माल चांगला असेल तर तो इतरांच्या बरोबरीने तक्त्यात उभा राहू द्यावा.

मग आपण करावे काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी. पहिली, मुलास वा मुलीस पाठविण्यापूर्वी करार नीट वाचावा: विद्यावेतन किती, मुदत किती, पदवी कोणत्या विद्यापीठाची आणि अभ्यासासाठी वेळ किती मिळणार, हे लेखी असावे. दुसरी, तेथे रुजू होण्याआधी त्यांना हंगामाचे दोन महिने आपल्या अगर मित्राच्या पेढीवर बसवावे. पहाटेच्या लिलावात उभे करावे, वजनकाट्यावर न्यावे आणि थकलेल्या पैशांची आठवण करून देणारे पत्र त्यांच्याच हातून लिहवावे. ते पत्र एकदा लिहिलेला माणूस पुढे दुसऱ्याचे बिल विनाकारण अडवून ठेवणार नाही. तिसरी, तो शिकून आल्यावर त्याने पेढीवर परत यावेच असा हट्ट धरू नये. पण तो आलाच, तर त्याने सुचविलेली लेखी पद्धत "आमच्या वेळी असे नव्हते" म्हणून बाजूस सारू नये.

कंपन्यांची खरेदी आपल्या बाजाराबाहेर राहील, अशी समजूत आता बाळगता येत नाही. २००० साली मध्य प्रदेशात आय. टी. सी.ने सोयाबीनसाठी ई-चौपाल सुरू केली, तेव्हा कंपनीचा भाव थेट गावात पोहोचला. त्या योजनेतही बाजारातील जाणत्या आडत्यांना बरोबर घ्यावे लागले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. यंत्राला भाव कळतो. दाणा, माणूस आणि हंगाम ओळखण्यास अनुभव लागतो. तो अनुभव आपल्याजवळ आहे आणि लेखी शिस्त त्यांच्याजवळ आहे. दोहोंचे शिक्षण एकाच मुलात एकत्र आले, तर तो कोणाच्या गादीवर बसला आहे हा प्रश्न गौण ठरेल. व्यापार करणारी माणसे घडत राहतील, आणि आपल्या मंडळाला याहून अधिक काय हवे?